१०१ गुणांचा पराभव, मूळच्या लोकांचा संघ आणि आपण वापरतो ते शब्द (इंटरनॅशनल रूल्स)

फुटीवेडी_मृणाल

नमस्कार मंडळी. आमच्या मेलबर्नच्या मराठी क्रीडागटात जुन्या मालिकांचे गुणफलक टाकायचा उपक्रम चालू आहे. त्यात ऑस्ट्रेलिया-आयर्लंड इंटरनॅशनल रूल्सची (ऑस्ट्रेलियन फुटबॉल म्हणजे ‘फुटी’ आणि आयर्लंडचा गेलिक फुटबॉल यांचा मिश्र खेळ) २०१३ ची मालिका आली आणि तिथे गाडी अडली. त्या वर्षी ऑस्ट्रेलियाने फक्त ॲबोरिजिनल आणि टॉरेस स्ट्रेट बेटांवरच्या समाजातले खेळाडू घेऊन संघ पाठवला होता. आयर्लंडमध्ये कॅव्हनला ५७–३५, मग डब्लिनच्या क्रोक पार्कला ११६–३७. एकूण १७३–७२, म्हणजे १०१ गुणांनी हार.

त्यावर गटात आलेली दोन वाक्यं जशीच्या तशी देते. पहिलं: "आदिवासींचा संघ पाठवला की दुसरं काय होणार." दुसरं कौतुकाचं म्हणून आलं: "रक्तातच खेळ असतो त्यांच्या, पण डावपेच जमत नाहीत." पहिलं काढून टाकलं. दुसऱ्यावर गटाचे दोन तट पडलेत.

माझे प्रश्न:

१. त्या पराभवाचं खेळातून निघणारं कारण काय? निम्मे-निम्मे नियम असलेल्या खेळात एवढा फरक कसा पडतो?

२. मराठीत या खेळाडूंबद्दल लिहिताना कोणता शब्द वापरावा? आदिवासी, मूलनिवासी, की इंग्रजीच ठेवावा?

३. मैदानात किंवा प्रेक्षकांत कुणी वंशावरून बोललं, तर दोन देशांच्या या मिश्र खेळात नियम कुणाचा चालतो?

तीन_गुणांचा_ओव्हर

मृणालताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर चेंडूपासून सुरू होतं.

ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा चेंडू लंबगोल: लांबीकडून घेर ७२ ते ७३ सेंटिमीटर, रुंदीकडून साधारण ५५. गेलिक चेंडू गोल: घेर ६८ ते ७० सेंटिमीटर, वजन ४८० ते ५०० ग्रॅम. इंटरनॅशनल रूल्स पूर्ण गोल चेंडूवर खेळतात, आणि तेही गेलिकच्या आयताकृती मैदानावर. इथे पारडं आयर्लंडकडे झुकतं. ऑस्ट्रेलियाला बदल्यात टॅकल आणि मार्क मिळतात. टॅकल खांद्यापासून मांडीपर्यंत. मार्क म्हणजे किमान १५ मीटरवरून आलेली लाथ हवेत स्वच्छ झेलली की फ्री किक.

आता चूक कुठे होते ते बघा. फुटीचा खेळाडू लहानपणापासून ड्रॉप पंट मारतो. लंबगोल चेंडू उभा धरून खाली सोडायचा, टोकाजवळ लाथ बसवायची, चेंडू मागच्या मागे गरगरत सरळ जातो. ती फिरकी त्याला दिशा देते. गोल चेंडूला टोकच नाही. त्याच सवयीने मारलात तर पाय चेंडूच्या बाजूला लागतो आणि तो ३० मीटरनंतर वळायला लागतो. आयरिश खेळाडू पायाच्या आतल्या किंवा बाहेरच्या बाजूने चेंडू मुद्दाम वळवून खांबांत घालतो. ती सवय काही आठवड्यांच्या सरावात येत नाही.

गुणपद्धतीने हा फरक फुगतो. आडव्या दांड्याखालून जाळ्यात गेला की गोल, सहा गुण. दांड्यावरून पण उंच खांबांच्या मधून गेला की ओव्हर, तीन गुण. त्या खांबांच्या बाहेर दोन्हीकडे आणखी एकेक खांब असतो. मधल्या फटीतून गेला तर बिहाइंड, एक गुण. गुणफलक २.११.७ असा लिहितात: १२ + ३३ + ७, म्हणजे ५२. सामना बहुधा ओव्हरवर ठरतो. थोडा वळलेला चेंडू तीनऐवजी एक गुण देतो. दहा वेळा असं झालं की वीस गुण गेले, आणि समोरच्याने काही वेगळं केलेलंही नसतं.

त्यात गोलरक्षक. फुटीत गोलरक्षक ही जागाच नाही, त्यामुळे ऑस्ट्रेलियाला दर वेळी एखाद्या बचावपटूला जाळ्यासमोर उभं करावं लागतं. ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे त्यांचा मोसम संपून सुट्टी लागलेली. पळतानाचा नियमही वेगळा: दहा मीटरनंतर चेंडू आपटायचा किंवा सोलो करायचा, म्हणजे पायावर टाकून परत हातात घ्यायचा. आपटणं एका ताब्यात दोनदाच, सोलो कितीही. ज्याला सोलो येत नाही तो वीस-पंचवीस मीटरनंतर अडकतो आणि घाईघाईत चेंडू देऊन टाकतो.

आता आकडे. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियाचा संघ कुठल्याही एका समाजाचा नव्हता, सामने त्यांच्याच देशात होते. मेलबर्नला ३६–८०, गोल्ड कोस्टला २९–५०. एकूण ६५ गुणांनी हार. त्या वेळी "अमुक समाजाचा संघ पाठवला की दुसरं काय होणार" असं कुणीच म्हटलं नाही. उलट २००५ मध्ये ऑस्ट्रेलियाने १६३–१०६ अशी मालिका जिंकली. तेव्हा जोडकर्णधारांपैकी एक होता अँड्र्यू मॅकलाउड, स्वतः ॲबोरिजिनल, आणि ऑस्ट्रेलियाचा मालिकेतला सर्वोत्तम खेळाडूही तोच.

निवडीचा हिशेबही मांडा. एएफएल म्हणजे ऑस्ट्रेलियाची फुटी लीग; २०१३ च्या सुमारास तिच्यात १८ क्लब, करारावर साधारण ८०० खेळाडू. त्यातले दहा टक्क्यांच्या आसपास या समाजांतले, म्हणजे ८०. त्यातून जखमी वजा, शस्त्रक्रियेला गेलेले वजा, आणि मग वीस-बावीस जणांचा संघ. ८०० मधून निवडायची मुभा असतानाही जो देश ६५ गुणांनी हरतो, तो ८० मधून निवडून परक्या मैदानावर हरला तर त्याला वंशाचं कारण शोधायची गरज नाही. कुठलाही समाज घ्या, ८० जणांतून निवडलेला संघ ८०० जणांतून निवडलेल्यापेक्षा कमकुवतच असेल. आणि लोकसंख्येत तीन टक्क्यांच्या आसपास असलेल्या समाजांनी तेव्हा लीगमध्ये दहा टक्के जागा मिळवल्या होत्या, हे याच हिशेबातलं दुसरं सत्य आहे. तेही गटात टाका.

जुना_सलामीवीर

वरचं गणित पटलं. पण एक शंका आहे, आणि ती मी प्रामाणिकपणे विचारतोय. वंश बघून संघ निवडणं हेच मुळात चुकीचं नाही का? आपल्याकडे मुंबईत हिंदू, पारशी, मुसलमान, युरोपियन असे धर्मावर संघ पाडून पंचरंगी सामने होत. त्यांना विरोध झाला आणि १९४६ मध्ये ते बंद पडले. ते वाईट होतं तर हे चांगलं कसं?

दुसरं, मैदानात खेळाडू एकमेकांना काय काय बोलतात. सगळ्यालाच वंशद्वेष म्हणायचं का? २००८ ला सिडनीत अँड्र्यू सायमंड्सला ‘माकड’ म्हटल्याच्या आरोपावरून हरभजनचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

रेघेपलीकडे

सलामीवीरकाका, पंचरंगीचं उदाहरण चांगलं काढलंत, पण ते उलटून बघा. तिथे धर्माचा संघ हीच स्पर्धेत उतरायची अट होती. तुम्ही कुठल्या चौकटीचे ते आधी ठरे, मग तुम्ही खेळत. चौकटीच्या आत पुन्हा उतरंड. पालवणकर बाळू हिंदूंसाठी बळी घ्यायचे, पण जातीमुळे पुण्याच्या जिमखान्यात त्यांना चहा तंबूबाहेर आणि वेगळ्या भांड्यात मिळायचा. कर्णधारपद त्यांना कधी दिलं नाही; त्यांचे भाऊ विठ्ठल यांना ते १९२३ मध्ये मिळालं, तेही भांडून.

२०१३ चा संघ वेगळ्या परंपरेत बसतो. इंग्लंडचा दौरा करणारा पहिला ऑस्ट्रेलियन क्रिकेट संघ १८६८ चा, आणि तो ॲबोरिजिनल खेळाडूंचा होता. ४७ सामने खेळले: १४ जिंकले, १४ हरले, १९ अनिर्णित. फुटीतही मूळच्या समाजांतल्या खेळाडूंचे संघ पूर्वीपासून एकत्र खेळत आले आहेत, आणि त्यात खेळणं हा मान समजला जातो. २०१३ ला प्रशिक्षकही त्यांच्यातलाच, मायकेल ओलॉफ्लिन. त्या संघात न खेळणाऱ्या कुणाची वाट बंद झाली नव्हती. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियाने निवडीचा निकष बदलून ऑल-ऑस्ट्रेलियन मान (मोसमातल्या सर्वोत्तम संघात निवड) मिळालेले खेळाडू घेतले आणि पर्थला ५६–४६ जिंकले. एका दौऱ्यात आपला समाज म्हणून एकत्र उतरणं आणि कायम एका कोंडवाड्यात डांबलं जाणं यांत मला मोठं अंतर दिसतं. निवड क्रीडादृष्ट्या शहाणपणाची होती का, यावर मात्र वाद घाला. माझ्या मते त्यांना सरावाला फार कमी वेळ दिला गेला.

आता शब्द. इथे आपण मराठी माणसं नकळत घसरतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

"आदिवासी" हा आपल्याकडे अपमानाचा शब्द नाही. त्या समाजांनी तो अभिमानाने स्वतःसाठी घेतला आहे. पण मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे लगेच डोंगर, पाडा, अनुसूचित जमाती असं चित्र उभं राहतं. पर्थच्या किंवा ॲडलेडच्या उपनगरात वाढलेल्या खेळाडूला ते चित्र चिकटवणं चुकीचं. "मूलनिवासी" हा अर्थाने जवळचा, पण महाराष्ट्रात त्याला एका चळवळीचा स्वतंत्र राजकीय अर्थ आहे, वाचकाचं लक्ष तिकडे जातं. "आदिम" आणि "आदिमानव" तर अजिबात नको. काही मराठी बातम्यांत ते सहज येतात आणि ते थेट अपमान आहेत.

माझा क्रम असा आहे. खेळाडूचा समाज नक्की माहीत असेल तर तोच लिहा: ॲडम गुड्स हा आदन्यामथन्हा आणि नारुंगा, निकी विनमार हा नूंगार. समाज माहीत नसेल तर "ॲबोरिजिनल" किंवा "टॉरेस स्ट्रेट बेटांवरचा". हे दोन वेगळे समाज आहेत, एकाचं नाव दुसऱ्याला लावू नये. दोघांना मिळून म्हणायचं तर "ऑस्ट्रेलियाचे मूळचे लोक" किंवा "फर्स्ट नेशन्स". "ॲबोरिजिनी" हे नाम आता जुनाट आणि खटकणारं मानतात. त्या शब्दाचं तोडलेलं लघुरूप ही सरळ शिवी आहे. व्हॉट्सॲपवर टंकायला सोपं पडतं म्हणून लोक ते लिहितात. गटाच्या नियमांत त्याला बंदी घाला.

मग ते "रक्तातच खेळ असतो". मृणालताई, हे वाक्यही काढा, किंवा निदान खाली उत्तर लिहा. गावसकरांच्या घरी क्रिकेट रक्तात आहे असं आपण म्हणतो तेव्हा एका घरातल्या सवयीबद्दल बोलतो. अख्ख्या समाजाबद्दल म्हटलं की त्यातून दोन गोष्टी निघतात: यांना सराव करावा लागत नाही, आणि यांना डोकं लागत नाही. "पण डावपेच जमत नाहीत" हे दुसरं अर्धं आपोआप मागून आलंच, बघा. फुटीच्या इंग्रजी समालोचनातही "जादू", "उपजत" हे शब्द एका रंगाच्या खेळाडूंना आणि "मेहनती", "हुशार", "नेता" हे दुसऱ्या रंगाच्या खेळाडूंना वाटले जातात, आणि त्यावर तिथे अनेक वर्षं टीका होत आली आहे. लिहिताना सोपी कसोटी आहे: खेळाडूने नेमकं काय केलं ते लिहा. "डावीकडे झुकवून उजव्या पायाने ४० मीटरवरून ओव्हर मारला" यात रक्त कुठे येत नाही.

शेवटचा शब्द "माकड". मराठीत आपण पोराला लाडाने "काय रे माकडा" म्हणतो, माकडचाळे म्हणतो, मारुतीरायाला हात जोडतो. त्यामुळे कितीतरी भारतीय प्रेक्षकांना खरंच कळत नाही की एवढं काय झालं. पण एकोणिसाव्या शतकात युरोपात माणसांची उतरंड लावून काळ्या लोकांना वानराच्या जवळ बसवणारं खोटं शास्त्र चाललं. त्याच काळात इंग्रजी व्यंगचित्रांत आयरिश माणसालाही वानराच्या तोंडाने काढत. म्हणजे हा शब्द या मालिकेतल्या दोन्ही बाजूंच्या आजोबा-पणजोबांवर फेकला गेलेला आहे. २४ मे २०१३ ला मेलबर्नच्या एमसीजी मैदानावर एका १३ वर्षांच्या मुलीने ॲडम गुड्सला "एप" म्हटलं आणि त्याने थांबून तिच्याकडे बोट दाखवलं. दुसऱ्या दिवशी त्यानेच सांगितलं, मुलीला दोष देऊ नका, तिला आधार द्या. तरी पुढची दोन वर्षं मैदानामागून मैदान त्याची हुर्यो उडवत राहिलं, आणि २०१५ ला तो निवृत्त झाला. एएफएलने जाहीर माफी मागितली ती २०१९ मध्ये. कॅव्हनचा सामना त्या मे महिन्यानंतर पाचच महिन्यांनी झाला. ती मालिका वाचताना हे ध्यानात ठेवावं लागतं.

आपल्या घरचंही सांगतो. २००७ च्या ऑक्टोबरमध्ये वानखेडेवर अँड्र्यू सायमंड्सला बघून प्रेक्षकांनी माकडाचे हावभाव केले. "आम्हाला अर्थ माहीत नव्हता" हे तिथे चालणार नाही. हावभाव कुणाला बघून करायचे हे त्यांना बरोबर माहीत होतं.

आयर्लंडच्या खेळाडूंना "पॅडी" (आयरिश माणसाला हिणवायचा शब्द) किंवा "ब्रिटिश" लिहू नका. जीएएच्या, म्हणजे आयर्लंडच्या गेलिक खेळांच्या संघटनेच्या, माणसाला दुसरा शब्द पहिल्याइतकाच लागतो.

दुसरा_पंच

तिसऱ्या प्रश्नाकडे येतो, कारण तो कुणी घेतला नाही.

इंटरनॅशनल रूल्सला स्वतःची कायमची संघटना नाही. एएफएल आणि जीएए प्रत्येक मालिकेआधी बसून नियम ठरवतात; पंचही दोन्हीकडचा एकेक. मार, धक्काबुक्की, पिवळं-लाल कार्ड यांचा बंदोबस्त त्यात असतो. २००६ ला क्रोक पार्कवर इतकी हाणामारी झाली की २००७ ची मालिकाच रद्द झाली, त्यानंतर तो भाग कडक केला. बोलण्याचा गुन्हा मात्र मैदानावरच्या पंचाला पकडता येणं फार कठीण. ऐकू आलं तरच तो नोंद घेतो, आणि ७२ मिनिटांच्या सामन्यात (१८ मिनिटांचे चार भाग) तो बहुतेक वेळ चेंडूमागे पळत असतो.

म्हणून खरा आधार घरच्या नियमांचा. एएफएलने १९९५ मध्ये वंश आणि धर्मावरून केलेल्या अपमानाविरुद्ध नियम केला. त्याची पार्श्वभूमी दोन घटनांची: १९९३ ला व्हिक्टोरिया पार्कवर प्रेक्षकांच्या वंशवाचक शिव्यांना उत्तर म्हणून निकी विनमारने जर्सी वर करून आपल्या कातडीकडे बोट दाखवलं, आणि १९९५ ला अँझॅक डेच्या सामन्यात मायकेल लाँगने तक्रार केली. पद्धत अशी की आधी दोघांना समोरासमोर बसवून समेटाचा प्रयत्न, तो फसला तर न्यायाधिकरण. जीएएने २०१३ च्या वार्षिक अधिवेशनात वंशद्वेषी आणि पंथद्वेषी वर्तनाला स्पष्ट नावाने गुन्हा केलं, किमान आठ आठवडे निलंबन. त्याआधी १९९९ च्या दौऱ्यात सराव सामन्यात एका आयरिश खेळाडूने समोरच्या तरुण खेळाडूला वर्णावरून शिवी दिली आणि त्याला निलंबित करावं लागलं. म्हणजे मिश्र खेळ आहे म्हणून कुणी सुटतो असं नाही. पण दोन्ही घरांच्या शिक्षा सारख्या नाहीत, आणि "ती शिक्षा घरच्या स्पर्धेतही लागू होणार का" हे करारात आधी लिहिलेलं नसेल तर बंदी कागदावर राहते. जो खेळ एक-दोन वर्षांनी एकदा व्हायचा, त्यात "पुढचा सामना बंद" याला काय अर्थ?

सलामीवीरकाकांनी सिडनी काढली. तिथला धडा पुराव्याचा आहे. सामनाधिकारी माइक प्रॉक्टर यांनी हरभजनला तीन कसोटींची बंदी दिली. अपिलात न्यायमूर्ती जॉन हॅन्सन यांच्यापुढे सचिनची साक्ष झाली, शब्द कोणता होता यावरच सगळं अडलं, वंशवाचक आरोप सिद्ध झाला नाही आणि शिक्षा सामन्याच्या निम्म्या मानधनावर आली. दोन भाषांमधला संवाद, स्वच्छ ध्वनिमुद्रण नाही, साक्षीदार दोन्ही गटांचे. अशा ठिकाणी "तो काहीतरी वंशावरून बोलला" एवढं पुरत नाही. शब्द जसाच्या तसा, ज्या भाषेत होता त्या भाषेत, लगेच लिहून ठेवावा लागतो.

प्रेक्षकांसाठी तेच. २०२१ च्या जानेवारीत सिडनीला सिराजने तक्रार केली, कर्णधार अजिंक्य रहाणे पंचांकडे गेला, खेळ दहाएक मिनिटं थांबला, मैदान सोडायचा पर्याय असूनही संघ खेळत राहिला. सहा जणांना बाहेर काढलं. पुढे क्रिकेट ऑस्ट्रेलियाच्या चौकशीत निघालं की शेरेबाजी झाली हे खरं, पण बाहेर काढताना ज्यांची छायाचित्रं झळकली ते प्रेक्षक त्यात नव्हते. म्हणून तुमच्या गटातले जे सामन्याला जातात त्यांना एवढं सांगा:

स्टँड, बे, रांग, खुर्चीचा क्रमांक आणि घड्याळातली वेळ आधी टिपा. कपड्यांचं वर्णन निरुपयोगी, अर्धा स्टँड एकाच रंगात असतो. मोठ्या मैदानांवर पडद्यावर संदेश पाठवायचा क्रमांक दाखवतात, त्यावर हे कळवा. नाहीतर जवळच्या कर्मचाऱ्याला सांगा. स्वतः जाऊन वाद घालू नका, मग भांडण दोघांचं म्हणून नोंदलं जातं आणि दोघेही बाहेर. समोर लहान मूल असेल तर चित्रीकरण करून पसरवू नका. समाजमाध्यमावरचं असेल तर खात्याचं नाव, दुवा आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट काढा. पोस्ट तासाभरात उडवली जाते. तो स्क्रीनशॉट तक्रारीला जोडा, गटात फिरवू नका, कारण ज्याच्याबद्दल आहे त्याच्यापर्यंत तो दहा वाटांनी पोचतो.

सगळ्यालाच वंशद्वेष म्हणायचं का, असं काकांनी विचारलं. नाही. "तुला लाथ मारता येत नाही, घरी जा" हे डिवचणं झालं, मैदानात चालतं. समोरच्याचा वर्ण, वंश, कूळ, धर्म मध्ये आला की नियम लागतो. ऑस्ट्रेलियात १९७५ च्या वंशभेदविरोधी कायद्यात १९९५ ला घातलेलं कलम १८सी सार्वजनिक ठिकाणी वर्ण-वंशावरून केलेल्या अशा बोलण्याला लागू होतं, त्यामुळे "खेळात चालतं" हा बचाव मैदानाच्या कुंपणापर्यंतही पोचत नाही.

जुना_सलामीवीर

पालवणकर बाळूंच्या चहाचं माहीत होतं, पण या बाजूने जोडून पाहिलं नव्हतं. निवडीबद्दलचा माझा मुद्दा मागे घेतो. सरावाचा वेळ कमी पडला यावर मात्र मी रेघेपलीकडे यांच्या बाजूने आहे. परक्या चेंडूवर खेळायचं तर तो हातात लवकर द्यायला हवा होता.

फुटीवेडी_मृणाल

सगळ्यांचे मनापासून आभार. गुणफलकाखाली आता हा मजकूर टाकते आहे, काही खटकलं तर सांगा:

"२०१३, आयर्लंड १७३, ऑस्ट्रेलिया ७२. ऑस्ट्रेलियाचा संघ ॲबोरिजिनल आणि टॉरेस स्ट्रेट बेटांवरच्या समाजांतल्या खेळाडूंचा, प्रशिक्षक मायकेल ओलॉफ्लिन. गोल चेंडूवर ओव्हर साधले नाहीत. तुलनेसाठी: २०११ मध्ये सर्वसाधारण संघ मायदेशात ६५ गुणांनी हरला, २००५ मध्ये मॅकलाउड जोडकर्णधार असताना ऑस्ट्रेलिया ५७ गुणांनी जिंकला."

"रक्तातच खेळ" लिहिणाऱ्यांशी फोनवर बोलून मगच वाक्य काढेन. ते वाईट हेतूने लिहिलेलं नव्हतं.

तीन_गुणांचा_ओव्हर

मजकूर चांगला आहे. फक्त "ओव्हर साधले नाहीत" याच्यापुढे "आणि सोलोच्या सवयीअभावी चेंडू लवकर सुटला" हे जोडा. दुसऱ्या सामन्यात फरक ७९ गुणांचा होता. नुसत्या चुकलेल्या लाथांनी तो एवढा होत नाही, चेंडूच आयर्लंडकडे जास्त वेळ असावा लागतो.